तुम्ही विचारलंत म्हणून: टाइपची उदाहरणं एवढीशीच का?

टाइप सिस्टीमवर (कुठली व्हॅल्यू कुठल्या प्रकारची, हे ठरवणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या नियमांवर) लिहिताना तुम्ही नेहमी आठ-दहा ओळींचाच कोड का देता, खऱ्या प्रोजेक्टमधला का नाही, एवढ्याशावरून काय कळणार, असं मला बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे.

मला वाटतं टाइपच्या कुठल्याही युक्तीचं मर्म कंपायलर (कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) जी ओळ नाकारतो तिच्यात असतं. आणि ती ओळ मोठ्या प्रोजेक्टमध्ये सापडणार कुठून, ती तर कमिट व्हायच्या, म्हणजे प्रोजेक्टमध्ये जमा व्हायच्या आधीच कोणीतरी दुरुस्त केलेली असते, आपल्याला दिसतो तो फक्त चालणारा कोड, आणि तो बघून वाटतं की एवढा खटाटोप कशाला केलाय. छोट्या उदाहरणात ती चुकीची ओळ मुद्दाम ठेवता येते.

साधं बघा. ग्राहकाचा आयडी आणि ऑर्डरचा आयडी, दोन्ही नुसते आकडे. फंक्शनला देताना क्रम उलटा झाला तरी कंपायलर गप्प. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत दोघांसाठी एकेका फील्डचं वेगळं स्ट्रक्ट, म्हणजे आपला स्वतःचा टाइप, केलं की उलट्या क्रमाला लगेच एरर येते. पण नुसता टाइप अलायस दिला तर काहीच फरक पडत नाही, कारण अलायस म्हणजे त्याच टाइपला दुसरं नाव, म्हणून मी हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी देते. टाइपस्क्रिप्ट या भाषेत तर वेगळा इंटरफेस (टाइपचं वर्णन) करूनही भागत नाही, तिथे आकार, म्हणजे आतली फील्डं, जुळली की टाइप जुळला, त्यामुळे लोक एक खोटं फील्ड चिकटवून टाइप वेगळा करतात, त्याला ब्रँडिंग म्हणतात.

इनमचं, म्हणजे ठरावीक पर्यायांच्या टाइपचं, उदाहरण याहून छोटं. पेमेंटच्या तीन अवस्था, त्यावर एक मॅच, म्हणजे कुठल्या अवस्थेत काय करायचं ते. चौथी अवस्था वाढवली की रस्टचा कंपायलर सांगतो ही राहिली. त्याच मॅचमध्ये शेवटी अंडरस्कोर (म्हणजे ‘बाकी काहीही’) टाकून बघा, चौथी अवस्था मुकाट्याने त्यात जाऊन पडते. त्या एका अंडरस्कोरमुळे किती बग लपतात हे शिकवायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

माझं सगळ्यात लाडकं मात्र टाइपस्टेट. ही कल्पना १९८६ मध्ये स्ट्रॉम आणि येमिनी या संशोधकांनी मांडली, म्हणजे रस्ट १.० यायच्या (२०१५) कितीतरी आधी. कनेक्शनच्या टाइपमध्येच उघडं की बंद हे लिहायचं, मेसेज पाठवायची मेथड फक्त उघड्या कनेक्शनला द्यायची, आणि बंद करणारी मेथड कनेक्शनची मालकीच घेऊन टाकते, त्यामुळे बंद केल्यावर जुनं व्हेरिएबल वापरायला गेलात की कंपायलर म्हणतो व्हॅल्यू मूव्ह झालीये. हे सगळं वीसेक ओळींत बसतं. यात फँटमडेटा (टाइपची नुसती खूण ठेवणारं रिकामं फील्ड) लागतो, तो का, ते कळायला तो काढून टाका आणि एरर वाचा, माझ्या दोन परिच्छेदांपेक्षा ती एरर जास्त नीट समजावते.

आता तुमच्या शंकेतला खरा भाग. छोटं उदाहरण एक गोष्ट हमखास झाकतं, ती म्हणजे प्रोग्रामची सीमा. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान नष्ट झालं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर आकडे पाउंड-फोर्स सेकंदात देत होतं आणि पुढचं ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होतं, म्हणजे सुमारे ४.४५ पटीचा घोळ. युनिटसाठी वेगळे टाइप का हवेत हे सांगताना सगळे हाच किस्सा देतात. पण ते आकडे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात फाइलमधून जात होते! फाइलमध्ये नुसता आकडाच गेला तर आपले सुंदर टाइप तिथेच गळून पडतात, वाचणाऱ्या बाजूला ते परत उभे करावे लागतात, आणि ते चुकीचेही उभे राहू शकतात.

म्हणून टाइपचं उदाहरण देताना आता मी सीमेवरचं फंक्शनही जोडते. ईमेल हा टाइप घ्या: ते फंक्शन साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) घेतं, तपासतं, आणि ईमेल नाहीतर एरर परत देतं, ईमेल बनवायचा दुसरा रस्ता नाही कारण त्याचं फील्ड प्रायव्हेट आहे. उदाहरण पाच-सहा ओळींनी वाढतं. आणि खाली कॉमेंटमध्ये नाकारली जाणारी ओळ असतेच, दुसऱ्या मॉड्यूलमधून थेट ईमेल बनवू पाहणारी, तिच्यावरची कॉमेंट काढून एकदा कंपाइल करून बघत जा.