तारेवरची न्याहारी

मराठी स्वयंपाकघरात ‘तार’ हा शब्द दोन अगदी उलट प्रसंगी येतो. रव्याच्या लाडवांचा पाक चिमटीत धरून बोटे हलकेच लांब केली आणि मध्ये तार धरली, की पातेले उतरवायचे. आणि मे महिन्यात कालची मटकीची उसळ डावाने उचलताना तिला तार सुटली, की ती कोणालाही न विचारता टाकून द्यायची. पहिली तार बघताना माझी आई श्वास रोखून उभी राहत असे आणि दुसरी दिसली, की वाटीभर अन्न वाया गेल्याच्या हळहळीने दिवसभर घुम्यासारखी वावरत असे. हा कायदा मीही निम्म्याहून अधिक आयुष्य इमानाने पाळला. तो मोडला टोकियोतल्या एका हॉटेलात, सकाळी साडेसात वाजता.

कामानिमित्त दहा दिवसांचा मुक्काम होता. न्याहारीच्या ताटात वाफाळता भात, मिसोचे सूप, भाजलेल्या माशाचा तुकडा आणि थर्माकोलची एक चपटी, चौकोनी डबी आली. डबीत नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, आहे असे समोर बसलेल्या जपानी सहकाऱ्याने सांगितले, तेव्हा मला गाववाला भेटल्यासारखे वाटले. मी लातूरकडचा. आमच्या भागात शिवारेच्या शिवारे सोयाबीनने भरलेली असतात. पण ते खळ्यावरून मोंढ्यात आणि तेथून तेलगिरणीत जाते, जेवणाच्या ताटात सहसा येत नाही. ज्या पिकाच्या भावावर आमच्याकडची लग्ने ठरतात, ते पीक खाण्यासाठी मात्र मला जपानात यावे लागले होते.

झाकण उघडून दाण्यांवरचा पातळ कागद उचलला आणि त्याच्यामागून शेकडो तारा उठल्या. कोळ्याच्या जाळ्यापेक्षाही बारीक, पांढुरक्या आणि ताणाव्या तितक्या लांबणाऱ्या. वास भिजवून विसरलेल्या सरकीच्या पेंडीचा, म्हणजे थेट गोठ्यातला. मी गोठ्यात वाढलेला असल्यामुळे वासाचे फारसे वाटले नाही. तारेचे वाटले. हात आपोआप डबी बाजूला सारू लागला.

सहकाऱ्याने मात्र आपली डबी डाव्या हातात घेतली आणि चॉपस्टिकच्या टोकांनी गरगरा ढवळायला सुरुवात केली. पन्नासेक फेरे झाले असतील. दाण्यांभोवती पांढरा फेस धरला, तारा दाट झाल्या, आणि तो अशा समाधानाने त्यांच्याकडे पाहू लागला की मला पाकाच्या पातेल्यासमोर उभी असलेली आई आठवली. या प्रकाराला जपानीत ‘इतोहिकी नात्तो’, म्हणजे तार ओढणारे नात्तो, असेच नाव आहे. डबीत मोहरीची एक पुडी आणि गोडसर-खारट रसाची दुसरी असते. त्या रसाला ‘तारे’ म्हणतात, हे ऐकून मला हसू आवरेना. आणि का हसतो आहे, हे त्याला समजावून सांगताना मी तोडायचे ते तारे तोडलेच. (शाकाहारी मंडळींनी या रसाची चौकशी करून घ्यावी, त्यात बहुधा माशाचा अर्क असतो.)

एरवी अबोल असलेला हा गृहस्थ नात्तोवर मात्र भरभरून बोलला. पूर्वी शिजवलेले सोयाबीन भाताच्या पेंढ्यात बांधून उबेला ठेवत. पेंढ्यावर राहणाऱ्या एका जीवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून पेंढा उकळून घेतला की इतर बरेचसे जंतू मरतात आणि हा बहाद्दर उरतो. सुमारे ४० अंशांच्या उबेत तो एका दिवसात दाणे आंबवतो. आता पेंढ्याची जागा कारखान्यातल्या विरजणाने घेतली आहे, तरी जीवाणू तोच. शिळ्या पावाला तार धरते ती त्याच्याच जातभाईंमुळे, हे मी नंतर वाचले. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, करणारे कारागीर हंगामात नात्तोला शिवत नाहीत, कारण हा पाहुणा एकदा भट्टीत शिरला की त्यांच्या बुरशीच्या विरजणाची वाट लावतो. इबाराकी प्रांतातले मितो हे शहर नात्तोसाठी नावाजलेले आहे, आणि ओसाकाकडच्या कित्येकांना मात्र तो अजूनही गिळवत नाही. हे शेवटचे ऐकून मला फार धीर आला.

भातावर घालून पहिला घास घेतला. चव अगदी साधी निघाली: उकडलेल्या हरभऱ्यासारखी, शेवटी किंचित कडवट, आणि मोहरीचा ठसका. अडचण होती ती घास संपवण्याची. दाणे पोटात गेले तरी तारा ओठांपासून वाटीपर्यंत लोंबकळत होत्या, आणि मी मान मागे नेली तशी त्यांतली एक मिशीवरून थेट टायवर येऊन विसावली. सहकाऱ्याने न हसता चॉपस्टिक हवेत गोल फिरवून तार तोडण्याची रीत दाखवली. चौथ्या दिवशी मला ती जमली. सातव्या दिवशी, ताटात डबी दिसली नाही तेव्हा, मी स्वतः मागून घेतली.

परत आल्यावर मे महिन्यातल्या एका सकाळी ओट्यावर रात्रीची उसळ राहिलेली दिसली. डाव घालून उचलला. तार आली, चांगली वीतभर. मी ती उजेडाकडे धरून निरखत असतानाच बायको म्हणाली, “अहो, ते जपानात!” आणि माझ्या हातातला डाव काढून घेऊन तिने पातेले मोरीत पालथे केले.