आठ दिवसांत काय हुतंय?

“कशाला घेताय ह्या गोळ्या? सवय लागंल ओ!”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकलात, संध्याकाळच्या गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मेडिकलवाला बोलला. समोर पंचविशीतला, तालमीत घडलेल्या अंगाचा पोरगा. एसिटालोप्रामची, म्हणजे डिप्रेशनवरच्या गोळीची चिठ्ठी त्यानं बारीक घडी घालून खिशात सरकवली. “आठ दिवस घेतल्या, तसा पण काय फरक न्हाई,” एवढं पुटपुटला आणि गोळ्या न घेताच गेला.

तेव्हापासून डोक्यातनं जाईना.

आठ दिवसांत फरक दिसत नाहीच सहसा. मेंदूतल्या सेरोटोनिन ह्या रसायनावर गोळीचं काम काही तासांत सुरू होतं, पण मन सावरायला साधारण २ ते ४ आठवडे, कधी ६ सुद्धा. मळमळ, अस्वस्थपणा मात्र आधी येतो, आणि नेमकं तिथंच माणूस कंटाळून सोडतो. बरं वाटल्यावरही निदान ६ महिने चालू ठेवायला सांगतात. तंबाखूसारखी तलफ ह्यांची लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

मिसळीचा कट कुठला भारी ह्यावर आपण तासभर भांडू. “काही करावंसं वाटत नाही” हे सांगायला मात्र आवाज फुटत नाही. पैलवान गड्याला तर नाहीच.

टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी, फुकट, २४ तास, मराठीतनं बोलता येतं. तुमच्यातल्या किती जणांकडं हा नंबर सेव्ह आहे?