जेट उन्हाळ्याचं, वाळवंट हिवाळ्याचं

6 एप्रिल

पुण्याहून मोटरसायकल आली. पिकअपमध्ये दोन पट्ट्यांनी आवळून उभी, नंबर प्लेटची जागा कोरी. ही शर्यतीची जात, हिची आरटीओत नोंद होत नाही, त्यामुळे रस्त्यावर काढायची सोय नाही. 300 सीसी, टू-स्ट्रोक (म्हणजे पेट्रोलातच ऑइल कालवून चालणारं इंजिन), रिकाम्या टाकीने 105 किलोच्या आसपास. आधीच्या मालकाने दोन हंगाम सह्याद्रीच्या चिखलात चालवली. मला ती डिसेंबरात जैसलमेरच्या पुढे, समच्या वाळूत न्यायची आहे.

शेजारच्या काकांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. "नंबर नाई, डिकी नाई, मागं बसाले शीट नाई. कायले घेतली बे? एवढ्यात जुना ट्रॅक्टर आला असता." आला असता, खरंच. मी चहाचं विचारलं.

वाळवंट हे टू-स्ट्रोकचं घर नाही, हे मलाही कळतं. 1979 ची पहिली पॅरिस-डकार, वाळवंटातली ती लांब शर्यत, सिरिल नेव्हूने जिंकली ती यामाहा एक्सटी 500 वर, म्हणजे फोर-स्ट्रोकवर. लांबलचक सपाटीवर सतत रेस पिळून धरायची असेल तर तेच इंजिन बरं. पण मी बाबांच्या टू-स्ट्रोक राजदूतच्या धुरात वाढलो. निळा धूर दिसला की आपलं डोकं चालत नाही.

9 एप्रिल

आल्या आल्या एअर फिल्टर काढला. वरून ठीक दिसत होता. मग आतल्या रबरी नळीत पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवलं, तर करकर लागली. मागच्या कुणीतरी फिल्टर बसवताना काठाला घडी पाडून ठेवली होती, आणि त्या घडीतून धूळ आत जात होती. टू-स्ट्रोकमध्ये ही धूळ थेट सिलिंडरात जात नाही. हवा आधी क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतून, फिरते, म्हणून आधी बेअरिंग खातात आणि मग पिस्टनचा नंबर लागतो. आवाज यायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

हेड खोलून बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, पाहिली. उभे ओरखडे होते, पण नखाला लागत नव्हते. आर्वीच्या मिस्त्रींनी लगेच तोडगा काढला, "बोअर मारून घेऊ, एक नंबर मोठा पिस्टन टाकू." म्हणजे भिंत खरवडून भोक मोठं करायचं. राजदूतला तेच करायचे, तिची स्लीव्ह, सिलिंडरचं अस्तर, बिडाची. हिच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकलचा कडक मुलामा आहे, बोअर मारला तर तोच निघून जाईल. मिस्त्री बराच वेळ टॉर्च धरून आत बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मंग हे तं एकदाच जगनारी गाडी हाय." तसं अगदी नाही, मुलामा परत चढवता येतो. पण तो आर्वीत चढत नाही.

नवे दोन फोम फिल्टर मागवले. एक धुऊन तेलात बुडवून, पिळून, प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवायचा. काठाला ग्रीस. वरून पातळ कापडी टोपी, वाळूत दर मुक्कामाला ती झटकली की झालं.

14 एप्रिल

जयंती. आर्वीत लेथवाल्याचं दुकान बंद, रात्री उशिरापर्यंत डीजे. काम काही झालं नाही.

20 एप्रिल

विदर्भात वाळवंट कुठून आणायचं? आमच्यासाठी ते म्हणजे उन्हाळ्यात आटलेलं वर्धेचं पात्र. गाडी पिकअपने घाटापर्यंत नेली. वरच्या अंगाला डांगरवाड्या, म्हणजे पात्रातली वेलशेती, आहेत, तिकडे जायचं नाही असं आधीच ठरवलं. खालच्या अंगाला रेती उपसून पडलेले खड्डे, त्यांच्या कडा जवळपास टेकड्यांसारख्या.

टायरीची हवा पुढे 12, मागे 10 पीएसआयवर आणली. टायर रिमवरून सरकू नये म्हणून रिमलॉक लावलेत. पंक्चरवाला पोरगा सोबत होता. म्हणाला, "इतकी हवा तं टॅक्टरच्या मागच्या चाकात ठेवतो आम्ही." बरोबरच आहे की, ट्रॅक्टरलाही रुतायचं नसतं.

मी मोठ्या हौसेने 15 लिटरची टाकी बसवली होती, कारण रेतीत ही बया लिटरला 9 किलोमीटरसुद्धा देत नाही. काठोकाठ भरली आणि पहिल्याच वळणावर पुढचं चाक रेतीत घुसलं. मी हँडलवरून गेलो आणि तोंडात वर्धेची रेती. जादा पेट्रोल म्हणजे जेमतेम चार किलो, पण ते पुढे आणि उंचावर. आता मोठी टाकी कोपऱ्यात पडली आहे. जुनीच लावली, दोन लिटरच्या दोन बाटल्या शेपटाकडे बांधणार. पैसे गेले, ते जाऊ दे.

2 मे

पारा 44. गाडी दहा मिनिटांत उकळली. पंखा लावलेला, तो फिरतही होता. मग रेडिएटरपाशी वाकून पाहिलं तर जाळी पांढरीशुभ्र. नदीकाठच्या काटेसावरीची बोंडं फुटलेली, तिचा कापूस हवेत तरंगत होता आणि पंखा तोच ओढून जाळीवर थापत होता. घरी आईची जुनी फणी घेऊन एकेक पातं विंचरलं. कापसाच्या जिल्ह्यात राहून कापसानेच गाडी बंद पडावी!

संध्याकाळी बाबा ओट्यावर आले. आधी नुसते पाहत राहिले, मग पेट्रोलात ऑइल किती घालतो ते विचारलं. मी म्हटलं, पुस्तकात साठास एक लिहिलंय, मी चाळीसास एक घालणार. लिटरला 25 मिली. आत गेले आणि फवारणी पंपाचं माप घेऊन आले. आमचा पाठीवरचा पंपही टू-स्ट्रोकच, त्याचं पेट्रोल बाबा वर्षानुवर्षं कालवताहेत, एक थेंब न सांडता.

मग 1986 ची गोष्ट निघाली. चिखलदऱ्याहून उतरताना, रेस पूर्ण सोडून, गिअरच्याच जोरावर राजदूत घाट उतरत होती. अर्ध्यात पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरात घट्ट अडकला. "पेट्रोलातच तेल हाय. तू रेस सोडली, पेट्रोल बंद. मंग तेल कुठून येईन?" टेकडीवरून उतरताना क्लच दाबायचा, नाहीतर मधून मधून रेस द्यायची. हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं. लक्षात राहील ते बाबांनी सांगितलेलंच.

11 मे

जेटिंगचा दिवस. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, आकडा मोठा तितकं पेट्रोल जास्त. 165 चं मेन जेट होतं, प्लग काळा आणि ओला निघायचा. 162 टाकलं, तरी काळपट. 160 वर प्लग कॉफीच्या रंगाचा आला आणि रेस पिळली की गाडी साफ सुटते. ऑइल वाढवलं म्हणजे मिश्रण रिच झालं, पेट्रोल जास्त झालं, असं बरेच जण समजतात. होतं उलटं, त्याच थेंबात पेट्रोल कमी होतं, म्हणून लीन होतं. फरक बारीक, पण उन्हाळ्यात बारीक फरकही पिस्टनला पुरतो.

खूष होऊन झोपलो.

8 जून

रात्री पहिला पाऊस. लाइट गेली, झोप येईना, म्हणून वहीत आकडे मांडत बसलो आणि दचकलो. मी गाडीचं जेट बसवलं ते मेच्या दुपारी, 45 अंशांना. समच्या वाळूत डिसेंबरातल्या पहाटे पारा 8 वर असू शकतो. थंड हवा दाट असते. दोन्ही तापमानं केल्विनमध्ये घेतली तर 318 भागिले 281, म्हणजे तिथली हवा आमच्या दुपारपेक्षा 13 टक्के दाट. माझं 160 तिथे उपाशी चालेल. सपाटीवर रेस पिळून दोन मिनिटं धरली की पिस्टन धरलाच समजा. वाळवंटासाठी म्हणून दोन महिने खपलो आणि गाडी वर्धेच्या उन्हासाठी तयार केली.

168 आणि 170 ची जेट मागवली आहेत. तपासायला मात्र डिसेंबरच लागेल. तेव्हा पात्रात पाणी असेल, म्हणून आमच्याच कन्हारीत, काळ्या शेतात, तूर उभी असेल तर धुऱ्यावरून, पहाटे पाचला.

सकाळी घाटावर गेलो होतो. माझ्या टायरींचे चर पाण्याखाली गेलेत. जेटांच्या डब्यांवर बाबांनी मार्करने लिहून ठेवलंय, एकीवर "ऊन", दुसरीवर "थंडी". आणि फवारणीचं माप परत नेलं. पऱ्हाटी चार पानांवर आली की लागेल म्हणाले, तू तुझं वेगळं घे.