रीडर घेण्याआधी कार्ड उलटे करून पाहा

लग्नसराई तोंडावर आली की नागपुरातले ओळखीचे छायाचित्रकार, आणि पेंच किंवा ताडोब्याच्या सफारीची तारीख जवळ आली की हौशी मंडळी, मला हमखास एकच प्रश्न विचारतात: कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो आणि व्हिडिओ संगणकावर भराभर कॉपी होतील असा कार्ड रीडर कोणता घ्यावा? विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या कंपनीचे नाव हवे असते. मी मात्र नाव सांगण्याआधी तीन गोष्टी विचारून घेतो: कार्ड कोणते आहे, रीडर ज्यात लावायचा तो पोर्ट कोणता आहे आणि डेटा शेवटी कशावर उतरवायचा आहे. या तिन्हींची उत्तरे मिळाली की रीडरची निवड जवळजवळ आपोआप होते, आणि पुष्कळदा असेही लक्षात येते की रीडर बदलण्याची गरजच नव्हती. तुम्हीही हाच प्रश्न विचारलात म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो.

सुरुवात कार्डापासून करावी. एसडी कार्ड हातात घेऊन उलटे करा. मागच्या बाजूला वरच्या कडेशी सोनेरी पट्ट्यांची एक ओळ दिसेल. काही कार्डांवर तिच्या खाली लहान पट्ट्यांची आणखी एक ओळ असते. आज बाजारात मिळणारे एका ओळीचे कार्ड बहुतेक यूएचएस-वन (यूएचएस म्हणजे अल्ट्रा हाय स्पीड) प्रकारचे असते आणि दोन ओळींचे त्याहून वेगवान यूएचएस-टू प्रकारचे. पुढच्या बाजूला रोमन एक किंवा दोन छापलेला असतो, पण तो इतका बारीक असतो की दुकानातल्या गर्दीत नजरेतून सहज सुटतो. मागची दुसरी ओळ मात्र लपत नाही. यूएचएस-वन ही पद्धत २०१० साली आली. तिची कागदावरची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे आणि प्रत्यक्षात चांगल्या कार्डाला ९०च्या आसपास वेग मिळतो. लगेच २०११ साली आलेल्या यूएचएस-टूची मर्यादा ३१२ एमबी आहे आणि प्रत्यक्षात २५० किंवा त्याच्या थोडा पुढचा वेग मिळू शकतो.

हा फरक उघड असूनही बहुतेकांचे पैसे नेमके इथेच वाया जातात. दोन ओळींचे कार्ड एका ओळीच्या रीडरमध्ये बसते, चालते, फोटोही नीट दिसतात. त्यामुळे काही चुकले आहे असे वाटतच नाही. रीडरमध्ये दुसऱ्या ओळीला टेकणारे संपर्क नसल्यामुळे ते कार्ड मुकाट्याने यूएचएस-वनच्या वेगाने वाचले जाते. महाग कार्ड आणि साधा रीडर अशी जोडी मी शहरातल्या अनेक स्टुडिओंत पाहिली आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे: एका ओळीचे कार्ड यूएचएस-टू रीडरमध्ये घातल्याने त्याचा वेग वाढत नाही. तेव्हा तुमच्याकडची सगळी कार्डे एका ओळीची असतील आणि नजीकच्या काळात कॅमेरा बदलण्याचा विचार नसेल, तर साधा यूएसबी ३ रीडर घ्या आणि उरलेले पैसे दुसऱ्या हार्ड डिस्कसाठी ठेवा.

कार्डाच्या दर्शनी भागावरच्या आकड्यांनीही बराच घोटाळा होतो. एका ओळीच्या काही कार्डांवर सेकंदाला १७० किंवा २०० एमबी असे ठसठशीत छापलेले असते, आणि मर्यादा १०४ची असताना हे कसे, असा प्रश्न जाणकारांनाही पडतो. सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम प्रो कार्डांचे उदाहरण घेता येईल. हा वाढीव वेग यूएचएस-वनच्या ठरलेल्या नियमांबाहेरच्या पद्धतीने मिळवलेला असतो, आणि तो हवा असेल तर त्याच कंपनीचा किंवा ती पद्धत ओळखणारा रीडर लागतो. इतर रीडरमध्ये, अगदी महागड्या यूएचएस-टू रीडरमध्येसुद्धा, तेच कार्ड पुन्हा ९०च्या घरात येते. व्ही३०, व्ही६०, व्ही९० या खुणांचा तर कॉपी करण्याशी संबंधच नाही. कॅमेरा चित्रीकरण करत असताना कार्डावर सेकंदाला किमान ३०, ६० किंवा ९० एमबी सलग लिहिले जातील, एवढीच हमी त्या देतात. वाचण्याच्या वेगाबद्दल त्या काही सांगत नाहीत.

आता पोर्ट. यूएसबी २.०च्या पोर्टातून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबीच जातात, मग रीडर कितीही भारी असो. यूएसबी ३चा ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट) पोर्ट प्रत्यक्षात ४०० एमबीच्या पुढे जातो, म्हणजे एका यूएचएस-टू कार्डाला तो पुरून उरतो. हाच पोर्ट आधी ३.०, मग ३.१ जेन १ आणि पुढे ३.२ जेन १ अशा नावांनी ओळखला गेला, त्यामुळे खोक्यावरच्या नावापेक्षा ५, १० किंवा २० जीबीपीएस हा आकडाच वाचावा. पोर्टाच्या आतली जीभ निळी असेल तर तो बहुतेक यूएसबी ३ असतो, पण निळा रंग सक्तीचा नाही. काही कंपन्या काळी किंवा लाल जीभही देतात. डेस्कटॉप वापरणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की रीडर कॅबिनेटच्या समोरच्या पोर्टात न लावता मागच्या, थेट मदरबोर्डावरच्या पोर्टात लावून पाहावा. असेंबल केलेल्या अनेक संगणकांत समोरचे पोर्ट यूएसबी २.०चे असतात किंवा आतली वायर मदरबोर्डावर चुकीच्या जागी जोडलेली असते, आणि तक्रार मात्र रीडरच्या वाट्याला येते. टाइप-सी केबलचेही तसेच आहे. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली केबल डेटासाठी बहुधा यूएसबी २.०चीच असते, म्हणून रीडरच्या खोक्यातली केबल चार्जरच्या केबलींत मिसळू देऊ नये.

या सगळ्याचा हिशेब एकदा करून पाहिला की फरक मनात पक्का बसतो. १२८ जीबीचे भरलेले कार्ड यूएसबी २.०च्या वेगाने रिकामे करायला सुमारे एक तास लागतो. सेकंदाला ९० एमबी मिळाले तर तेच काम २४ मिनिटांच्या आत होते आणि २५० मिळाले तर साडेआठ मिनिटांत. ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने (म्हणजे साडेबारा एमबीने) केले तर तासाला ४५ जीबी भरतात. लग्नाच्या दिवशी दोन कॅमेरे आणि ड्रोन मिळून किती डेटा जमा होतो, हे व्यावसायिकांना सांगायला नको.

मात्र हे आकडे डेटा कशावर उतरतो त्यावरही अवलंबून असतात, आणि ही बाजू जवळजवळ कोणी विचारात घेत नाही. आपल्याकडे बहुतेक जण पोर्टेबल हार्ड डिस्क वापरतात. तिची तबकडी फिरणारी असते आणि मोठ्या फाइली लिहिताना ती सेकंदाला १०० ते १३० एमबीच्या आसपासच चालते. हजारो लहान जेपेग असतील तर त्याहून बरीच खाली येते. अशा डिस्कवर थेट कॉपी करणाऱ्याने यूएचएस-टू रीडर घेतला तर त्याच्या वेगाचा बराचसा भाग वापरलाच जात नाही. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा साठवणारी डिस्क. तिचा सॅटा प्रकार ५००च्या पुढे जातो आणि लॅपटॉपमधला एनव्हीएमई प्रकार त्याहून कितीतरी पुढे. म्हणून ज्यांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे त्यांना मी सांगतो की कार्ड आधी लॅपटॉपवर रिकामे करा आणि तिथून हार्ड डिस्कवर दुसरी प्रत सावकाश जाऊ द्या. ताडोब्यात सकाळची सफारी आटोपून दुपारची सुरू होईपर्यंत तीन-चार तास मिळतात. त्यात आंघोळ, जेवण आणि बॅटऱ्यांचे चार्जिंगही उरकायचे असते. कार्ड वीस मिनिटांत मोकळे झाले आणि दुसरी प्रत जेवण होईपर्यंत तयार झाली, तर माणूस निर्धास्त मनाने जिप्सीत बसतो.

काही नवे कॅमेरे सीएफएक्स्प्रेस नावाची, एसडीहून वेगळी आणि बरीच वेगवान कार्डे घेतात आणि त्यांचे जग वेगळे आहे. टाइप ए आकाराने लहान असून सोनीच्या कॅमेऱ्यांत वापरले जाते. टाइप बी मोठे असते आणि निकॉन, कॅनन यांच्या वरच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांत दिसते. आधीच्या पिढीत टाइप एची मर्यादा सेकंदाला सुमारे १००० एमबी आणि बीची २००० होती. २०२३मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने दोन्ही दुप्पट केल्या. इथे १० जीबीपीएसपेक्षा कमी क्षमतेचा रीडर घेण्यात अर्थ नाही. जुनी एक्सक्यूडी कार्डे टाइप बीच्याच आकाराची असतात, पण टाइप बीचा प्रत्येक रीडर ती वाचत नाही. दोन्ही वापरणाऱ्याने हे खोक्यावर तपासूनच घ्यावे. शिवाय ही कार्डे चालताना चांगलीच तापतात आणि फार तापली की वेग कमी करतात. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या आपल्या शहरात म्हणूनच मी धातूच्या आवरणाचा रीडर सुचवतो, आणि कॉपी चालू असताना तो लॅपटॉपच्या गरम हवेच्या झोतात किंवा कापडावर ठेवू नये असेही सांगतो.

ड्रोन आणि अॅक्शन कॅमेऱ्यांच्या मायक्रोएसडी कार्डांसाठी वेगळा खाचा असलेला रीडर सोयीचा पडतो. मायक्रोएसडी कार्ड एसडीच्या खाच्यात बसवणारा अॅडॉप्टर वेग फारसा मारत नाही, पण तो सैल झाला की कॉपी मध्येच तुटते. फोनवर थेट फोटो घेणाऱ्यांनी फोनचा पोर्टही पाहावा. आयफोन १५ला टाइप-सी पोर्ट आहे, पण त्याचा वेग यूएसबी २.०चाच आहे; १५ प्रोमध्ये तो १० जीबीपीएस आहे. २०२१पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये यूएचएस-टू कार्डे २५० एमबीपर्यंत वाचणारा खाचा असतोच. एसडी कार्डांपुरता त्यांना वेगळा रीडर लागत नाही.

वेगाइतकेच मला आणखी एका गोष्टीचे महत्त्व वाटते, आणि कोणी विचारले नाही तरी मी ती सांगतो. सप्तपदी पुन्हा होत नाही आणि रस्ता ओलांडणारी वाघीण पुन्हा थांबत नाही. म्हणून कार्डावरून डेटा कधीही कट-पेस्ट करू नये, नेहमी कॉपीच करावा. एसडी कार्डाच्या कडेची लहान कळ खाली सरकवून लॉक करावी. बहुतेक रीडर ती पाळतात आणि चुकून काही पुसले जात नाही. विंडोजमधली नेहमीची कॉपी दोन्ही प्रती शेवटी पडताळून पाहत नाही. टेराकॉपीसारख्या प्रोग्रॅममध्ये ती सोय आहे आणि त्यासाठी लागणारा जास्तीचा वेळ द्यावाच. दोन वेगळ्या ठिकाणी दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये, आणि करायचे तेव्हा संगणकात न करता कॅमेऱ्यातच करावे. संगणक सारखी रीडरशी जोडणी तुटल्याची सूचना देत असेल, कार्ड घालताना कुठे अडकत असेल किंवा खाच्यातली एखादी पट्टी वाकलेली दिसत असेल, तर तो रीडर कितीही वेगवान असला तरी बाजूला ठेवावा.

शेवटी खरेदीबद्दल. ऑनलाइन घेतलात तर परत करण्याची मुदत असेपर्यंत घरीच तपासा. नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानातून घेणार असाल तर आपला लॅपटॉप आणि आपले कार्ड सोबत न्या. कार्डावर आधीच १० जीबीच्या आसपासच्या दोन व्हिडिओ फाइली ठेवा. पहिली फाइल लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर कॉपी करा आणि पडद्यावरच्या कॉपीच्या खिडकीत सुरुवातीला दिसणाऱ्या आकड्याकडे न पाहता पूर्ण होईपर्यंतचा वेळ मोजा. यूएचएस-वनला दोन मिनिटांच्या आत आणि यूएचएस-टूला चाळीस-पन्नास सेकंदांत ती उतरली पाहिजे. खात्रीसाठी पुन्हा मोजायचे असेल तर दुसरी फाइल घ्या, कारण पहिली फाइल संगणकाने आपल्या रॅममध्ये धरून ठेवलेली असू शकते आणि मग मोजला जातो तो रॅमचा वेग, रीडरचा नव्हे.