पुढची चाकं पुढे, मागची चाकं मागे

पहिल्यांदा करंट दिला तेव्हा माझी रिमोटची गाडी जागच्या जागी थरथरायला लागली. पुढची चाकं पुढे जाऊ बघत होती, मागची मागे. डायनिंग टेबलावरची भांडी खडखडली. मी रिमोटचा ट्रिगर सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा तेच. आठ रविवार घालून उभी केलेली गाडी स्वतःशीच रस्सीखेच खेळत होती.

बाबा समोर चहा घेत बसले होते. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "क्राउन उलट्या बाजूला बसवलायस. मागचं हौसिंग खोल."

बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आयुष्यभर बसचे गिअरबॉक्स आणि हौसिंग उघडली. माझं हे रिमोटच्या गाडीचं प्रकरण त्यांनी दोन महिने बहुतेक लांबूनच पाहिलं होतं, "खेळणं" म्हणून. त्या सकाळी चष्मा लावून ते टेबलाशी आले. पिनियन म्हणजे शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, क्राउन म्हणजे त्याला भिडणारं मोठं. पिनियनच्या ज्या बाजूला क्राउन असेल त्यावर अ‍ॅक्सल कुठल्या दिशेला फिरणार हे ठरतं. माझा पुढचा बरोबर होता, मागचा आरशात पाहून जोडल्यासारखा. चार स्क्रू काढले, क्राउन पलीकडे घातला, ग्रीस लावलं, बंद केलं. वीस मिनिटांचं काम. हे काम बसवर करायला किती माणसं आणि किती वेळ लागतो, हे मात्र मला पुढचा तासभर ऐकावं लागलं.

मुळात मला हवी होती सुसाट पळणारी गाडी. व्हिडिओ बघून बघून डोक्यात तेच बसलं होतं, धूळ उडवत उड्या मारणारा ट्रक. पण आम्ही राहतो पुण्याजवळ पिंपळे गुरवला. सुसाट पळवायला जागा कुठे? पार्किंगमध्ये मुलं खेळतात आणि रस्त्यावर माणसंच जीव मुठीत धरून चालतात. म्हणून दगडांवरून हळूहळू चढणाऱ्या जातीकडे, म्हणजे क्रॉलरकडे वळलो. एकास दहा मापाची, चारही चाकांना पॉवर, वेग माणसाच्या चालीइतका. दगड मात्र आपल्याकडे हवे तेवढे.

तयार गाडी न घेता सुटे भाग जमवले. अ‍ॅक्झियलच्या एससीएक्स१० या गाडीच्या मापावर बेतलेली ३१३ मिलिमीटर व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराची) लोखंडी चेसिस, अ‍ॅक्सल, मधला गिअरबॉक्स, सगळं वेगवेगळ्या पार्सलांतून आलं. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे अख्खी गाडी बाहेरून मागवायचा विचार मी फार लवकर सोडला. वायर, सोल्डर, बॅटरीचे एक्सटी६० कनेक्टर, हीटश्रिंक (तापवली की वायरवर आवळणारी नळी) पुण्यातल्या तपकीर गल्लीतून. तीन मिलिमीटरचे अ‍ॅलन स्क्रू बोहरी आळीतून, शंभराच्या भावात. तिथे वायसर मोजून नाही, तराजूत तोलून दिले. बॅटरी, चार्जर, रिमोट धरून एकूण खर्च अठ्ठावीस हजारांच्या घरात गेला. घरात मी एकोणीस सांगितलाय.

जोडणीत सगळ्यात कंटाळवाणं काम चाकांचं. टायर डिंकाने चिकटवायचे नसतील तर बीडलॉकची चाकं घ्यावी लागतात, म्हणजे टायरची कड दोन रिंगांत दाबून स्क्रूने आवळायची. चारही चाकांचे मिळून साठाच्या वर स्क्रू, प्रत्येक जोंधळ्याच्या दाण्याएवढा. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मोटर बसवणं मात्र निवांत सांगण्यासारखं. ५४० आकाराची ब्रशवाली मोटर, ३५ टर्नची. टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे. वेढे कमी असतील तर मोटर जोरात फिरते आणि तापते. वेढे जास्त असतील तर सावकाश, पण ताकदीने ओढते. मोटरच्या शाफ्टवर छोटा पिनियन, तो मोठ्या स्पर गिअरला भिडतो. किती भिडवायचा, यावर सगळं आहे. फार घट्ट झाला तर मोटर कण्हते, सैल झाला तर दाते झिजतात. मी वाचलं होतं की मध्ये कागदाची पट्टी घालायची. वहीचा कागद कापून घातला, मोटर दाबली, स्क्रू आवळले. बाबांनी पट्टी बाहेर काढून उजेडाकडे धरली. कागदावर दात्यांचे ठसे उमटले होते, एका कडेला खोल, दुसऱ्या कडेला जेमतेम. "मोटर तिरकी आहे," म्हणाले. खरंच होती. खालच्या स्क्रूच्या भोकात प्लास्टिकचा एक कण राहिला होता. तो काढून पुन्हा पट्टी घातली, तेव्हा ठसे सारखे आले. ती दुसरी पट्टी त्यांनी फेकली नाही, पंचांगात ठेवली.

पिनियन शाफ्टवर एका बारीक ग्रब स्क्रूने धरलेला असतो. शाफ्टची एक बाजू सपाट असते आणि स्क्रूचं टोक नेमकं त्या सपाटीवर बसायला हवं. माझं गोलाईवर बसलं होतं. शेजारच्या बांधकामावर खडीचा ढीग आहे, तिथे पहिल्याच चढाला मोटर गुंगुं करत फिरत राहिली आणि गाडी थांबली. घरी येऊन पुन्हा खोलली. धातू धातूत जातो तिथे लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, निळा थेंब लावायचा. प्लास्टिकला तो लावायचा नाही, प्लास्टिक तडकतं.

आता त्या दोन भानगडी, ज्यांनी खरा घाम काढला.

पहिली म्हणजे स्टिअरिंग. दगडाला चाक टेकलं की गाडी क्षणभर बेशुद्ध पडायची. स्टिअरिंग सोडून द्यायची, पुढच्या सेकंदाला झटका देऊन परत जागी यायची. मी रिमोटवर संशय घेतला. हल्लीचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि गाडीतल्या रिसीव्हरशी जोडी बांधून घेतात, त्यामुळे शेजारच्या रिमोटचा त्रास सहसा होत नाही. तरीही मी अँटेना सरळ केली, रिसीव्हर हलवला, रिमोटचे सेल बदलले, अख्खा रविवार घालवला. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते, तिथूनच ओरडले, "अरे, तो सारखा रडतोय कशाला?"

रडत होता सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तो घूंऽऽ असा आवाज काढायचा, आणि मी तो आवाज गाडीचा स्वभाव समजत होतो. अ‍ॅक्सलचा नकल, म्हणजे चाक वळतं तो सांधा, अडला तरी सर्व्हो पुढे ढकलतच होता, कारण रिमोटमध्ये वळण्याची मर्यादा, एंडपॉइंट, मी लावलीच नव्हती. वीस किलोच्या ताकदीचा सर्व्हो अडला की भरमसाट करंट खेचतो. तो करंट यायचा मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या आतल्या छोट्या सप्लायमधून, म्हणजे बीईसीतून, आणि त्याची ऐपत दोन अँपिअरची. व्होल्टेज बसला की रिसीव्हर बंद पडून परत चालू होत होता. एंडपॉइंट दोन्ही बाजूंनी कमी केले आणि सर्व्होला पाच अँपिअरचा वेगळा बीईसी दिला. रडणं थांबलं. बाबांना बीईसी म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे हेडलाइट लावला की हॉर्न बारीक होतो, तसं." हो, अगदी तसंच.

दुसरी भानगड बॅटरीची, आणि ती शंभर टक्के माझी चूक. दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच. यातला प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि साधारण ३.२ च्या खाली तो उतरू द्यायचा नाही. ती राखण स्पीड कंट्रोलर करतो, पण त्याला बॅटरी कुठल्या जातीची ते सांगावं लागतं. माझ्या कंट्रोलरवर त्यासाठी नखाएवढा काळा जंपर आहे, काढून दुसऱ्या जागी खोचायचा. तो जुन्या निकेलच्या बॅटरीच्या जागी होता, मी हलवलाच नाही. गाडी मंद झाली तरी मी चालवत राहिलो, कारण त्या दिवशी ती अखेर तो एक दगड चढायला आली होती. घरी मोजलं तर एक सेल २.६ वर, दुसरा २.९ वर. सकाळपर्यंत पॅक टम्म फुगला, डब्यात ठेवलेल्या करंजीसारखा.

फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. भोक पाडायचं नाही. कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात टाकायची नाही. गॅलरीत मातीच्या कुंडीत वाळू भरून त्यात ठेवली. पूर्ण उतरवून मगच ई-कचऱ्यात द्यायची होती, म्हणून बल्ब शोधायला लागलो. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत बसचे बल्ब होते, २४ व्होल्टचे. जोडला तर काजव्यासारखा लालसर मिणमिणला. रात्रभर, दुसरा दिवसभर. आई येऊन-जाऊन विचारायची, "ते काय देवापुढे ठेवल्यासारखं लावून ठेवलंय?" तेव्हापासून चार्जिंग त्याच कुंडीत, दोन्ही सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवर, कोणीतरी जागं असतानाच. आठवडाभर गाडी निघणार नसेल तर सेल ३.८ वर आणून ठेवतो. जंपरवर मी लाल नेलपेंटचा ठिपका दिलाय.

बॉडी पारदर्शक लेक्झान प्लास्टिकची आणि ती आतून रंगवायची, त्यामुळे सगळा क्रम उलटा. बाहेरून जे वर दिसायला हवं ते आधी मारायचं. मला एसटीसारखी लाल हवी होती, पिवळ्या पट्ट्याची. आधी पट्टा, त्याच्या मागे पांढऱ्याचा एक हात, नाहीतर लाल मागून डोकावतो आणि पिवळा मळकट दिसतो. मग लाल. पहिल्यांदा हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे वापरला, तो गाडी पहिल्यांदा उलटली तेव्हाच पापुद्रे धरून निघाला. लेक्झानचा वेगळा स्प्रे मिळतो, तोच घ्यावा.

बाबांशी खरा वाद झाला तो डिफरन्शिअलवरून, म्हणजे वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवरून. या गाडीत ते लॉक असतं, दोन्ही चाकं कायम एकत्र फिरतात. "लॉक करून कोणी गाडी चालवतं का? वळणार कशी, टायर घासतील," हे त्यांचं म्हणणं. आणि ते खरंच आहे, गाडी वळायला भलीमोठी जागा घेते. पण एक चाक हवेत गेलं की उघड्या डिफरन्शिअलमध्ये सगळी पॉवर त्या रिकाम्या चाकाकडे पळते. हे मला त्यांना सांगावं लागलंच नाही. बोलता बोलता ते स्वतःच थांबले आणि चिखलात रुतलेल्या बसची गोष्ट सांगायला लागले. एक चाक गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म, आणि खाली उतरून ढकलणारे पॅसेंजर अंगभर चिखलाने माखलेत. गोष्ट संपल्यावर लॉकचा विषय परत निघाला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी घोरवडेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याला गेलो. सकाळी सात वाजता तिथला काळा दगड थंड असतो आणि टायर चांगले धरतात. आदल्या दिवशी टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायची शिशाची चिकटवजनं आणली होती. पुढच्या दोन चाकांच्या आत प्रत्येकी साठ ग्रॅम लावली, मागे काही नाही. बॅटरीही पुढे सरकवली. आधी ज्या चढाला गाडी पाठीवर पडायची, तिथे ती आता नाक खाली दाबून एकेक चाक ठेवत जात होती. डावीकडे जरा कलते, कारण मोटरचा पीळ शाफ्टमधून चेसिसवर येतो. उजव्या बाजूला थोडी मऊ स्प्रिंग घालून बघायचंय.

येणारे-जाणारे थांबत होते. सगळ्यांचा प्रश्न एकच, "किती स्पीडने पळते?" मी चार-पाच किलोमीटर सांगितलं की चेहरा पडायचा. गाडी अडली म्हणून एका काकांनी वाकून ती उचलायला हात घातला, तर बाबा असे खेकसले की ते दोन पावलं मागे गेले. हात लावायचा नाही, रिव्हर्स घेऊन दुसरी वाट शोधायची, हा नियम मी बाबांना सांगितला होता. मला वाटलं होतं त्यांनी ऐकलाच नाही.

दहाच्या सुमाराला मागचं डावं चाक ढिम्म झालं. शाफ्ट फिरतोय, चाक नाही. काढून पाहिलं तर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आतली पिन गायब. दोन मिलिमीटर जाडीची, दहा मिलिमीटर लांब. गवतात अर्धा तास शोधली. मी पिशवी भरायला घेतली होती, तेवढ्यात बाबा काही न बोलता उतारावरून हायवेकडे चालायला लागले. वीस मिनिटांनी परत आले. हातात सायकलचा एक स्पोक. पंक्चरवाल्याने पैसे घेतले नव्हते.

साधा स्पोक सहसा दोन मिलिमीटरचा असतो. पकडीने तोडला, टोक दगडावर घासून गोल केलं, हबमध्ये घातला, घट्ट बसला. उरलेला स्पोक बाबांनी खिशातल्या डायरीच्या शिवणीत खोचला. "अजून वीसेक पिना निघतील," म्हणाले, आणि रिमोट स्वतःच्या हातात घेतला.