तुसावर वाफ आणि वीज: माझा अनुभव

आमची उकड्या तांदळाची राईस मिल नागपूर जिल्ह्यात, मौद्याकडे. 1 क्विंटल धान भरडलं की साधारण 20 किलो तूस निघतं. वजनाला हलकं, पण जागा फार खातं आणि वारा सुटला की शेजारच्या शेतात जातं. थोडं आमच्याच भट्टीत जळायचं, बाकीचं मिळेल त्या भावात द्यायचो. दुसरीकडे महावितरणचं बिल सुरूच. म्हणून तुसावर वीज करायचं मनावर घेतलं.

आधी गॅसिफायर पाहिले. त्यात कमी हवेत तूस जाळून गॅस काढायचा आणि त्यावर इंजिन चालवायचं. पण गॅसमधलं डांबर नीट निघालं नाही तर इंजिन खराब होतं, शिवाय गॅस धुतलेल्या काळ्या पाण्याची विल्हेवाट लावावी लागते. नागपुरातल्या एका बॉयलर सल्लागारांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "भाऊ, वाफ किती लागते ते सांगा. विजेचं मग पाहू."

तिथून सगळं गणित फिरलं. धान भिजवायला गरम पाणी लागतं, उकडायला वाफ, आणि ड्रायरमध्ये ओलावा 14 टक्क्यांपर्यंत उतरवायला पुन्हा उष्णता. मग जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइनमधून का नेऊ नये? वीज तिथे घ्यायची आणि बाहेर पडणारी कमी दाबाची वाफ उकडायला वापरायची. नुसती वीज केली असती तर तुसातली बहुतेक उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत गेली असती. मिलवाल्यांनी हा हिशेब आधी करावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, विद्युत निरीक्षकांची मंजुरी, परवानाधारक बॉयलर अटेंडंट हे सगळं ओघाने आलं. लक्षात राहिली ती हायड्रॉलिक टेस्ट. बॉयलरमध्ये काठोकाठ पाणी भरून दाब चालू दाबाच्या दीडपट चढवला. बॉयलर निरीक्षक साहेब टॉर्च घेऊन प्रत्येक ट्यूबच्या तोंडाशी बोट फिरवत होते, कुठे ओल लागते का पाहत. आमची सगळ्यांची नजर गेजवर. काटा जागचा हलला नाही.

महावितरणच्या लाईनला जोडताना एक गोष्ट पक्की करून घेतली. लाईन गेली की आमचं जनरेशन त्याच क्षणी लाईनपासून सुटलंच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाशी गाठ.

राखेचा विचार मात्र लोक करत नाहीत. तुसाची 15 ते 20 टक्के राख होते आणि तिच्यात बहुतांश सिलिका. ती ट्यूब घासून पातळ करते आणि माणसाच्या फुप्फुसातही जाते. फार तापलेल्या राखेतली सिलिका तर जास्तच घातक. म्हणून आमच्याकडे राख पाणी मारूनच काढतात, आणि मास्क नसेल त्याला राखेच्या खड्ड्याकडे जाऊ देत नाही.

हंगामात मिलची बरीचशी वीज आता आमचीच असते. धान संपलं की बॉयलर थंड होतो, म्हणून महावितरणचं कनेक्शन ठेवलंच आहे.