बेल हाउसिंग उघडायची नाही

फोन आला सव्वानऊला. "दादा, क्लच जळालाय. तुम्ही इथेच किनाऱ्यावर येऊन प्लेट बदलून द्याल का? उद्या पुण्याला परत जायचंय." गाडी दापोलीजवळच्या कर्द्याच्या पुळणीत दीड तास रुतलेली होती. फोनवर मागून झुंजीला आल्यासारखा लाटांचा आवाज येत होता.

तिथी वद्य प्रतिपदा. आमच्याकडे भरतीचा हिशेब पंचांगावरून होतो: तिथीची पाऊणपट करायची. वद्य प्रतिपदा म्हणजे सोळावी तिथी. सोळाची पाऊणपट बारा, म्हणजे बाराच्या सुमाराला पाणी पूर्ण चढणार, आणि तेही उधाणाचं (मोठ्या भरतीचं), भांगाचं (छोट्या भरतीचं) नाही. भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सगळ्यात वेगानं वर येतं. म्हणजे आठ ते दहा हीच वाईट वेळ. दापोलीच्या माझ्या गॅरेजमधून निघतानाच होडी ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला फोन केला.

गाडी डिझेल, सहा गिअरची मॅन्युअल, फोर बाय फोर, चारशे न्यूटन मीटरच्या आसपास ताकदीची. मागची दोन्ही चाकं डिफरन्शिअलपर्यंत खाली गेलेली. टायरमध्ये हवा 34 पीएसआय, म्हणजे हायवेचीच. आणि ट्रान्सफर केसचा (इंजिनची ताकद चारही चाकांना वाटणाऱ्या पेटीचा) नॉब 'फोर हाय'वर, म्हणजे जास्त वेगाच्या जागी. गाडीला काय काय सोसावं लागलं असेल, ते एवढ्यावरूनच कळलं.

वाळूत क्लच का जळतो, हे आकड्यांत सांगितलं की पटतं. हाफ क्लचवर इंजिन 1500 आरपीएमवर फिरतंय, चाकं जागची हलत नाहीत आणि प्लेटमधून 300 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) जातोय, असं धरा. तेवढ्या घासण्यातून सुमारे 47 किलोवॅट उष्णता तयार होते. दोन किलोवॅटचे तेवीस गीझर एका बंद डब्यात एकदम लावावेत, तसं. दहा सेकंदांत प्रेशर प्लेटचं (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या चकतीचं) बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सरासरी शंभरेक अंशांनी तापतं, घासणारा पृष्ठभाग तर त्याच्या कितीतरी पुढे जातो. बेल हाउसिंग, म्हणजे क्लच ज्यात बसतो ती पेटी, बंदिस्त असल्यामुळे ही उष्णता निघून जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. लोक मात्र मिनिटभरात पुन्हा प्रयत्न करतात. चौथ्या प्रयत्नाला प्रेशर प्लेट निळी पडलेली असते. हेच 'फोर लो'मध्ये, म्हणजे कमी वेग पण जास्त जोराच्या जागी, केलं तर ट्रान्सफर केसचं गुणोत्तर साधारण अडीच पट असल्यामुळे क्लचवरचा भार तेवढ्याच पटीनं उतरतो.

ट्रॅक्टर आला. चालकानं पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अर्ध्या तासात पानी चाकाला लागंल. काय करायचा तो आत्ता करा." चारही टायर 16 पीएसआयवर आणले. चाकांमागची आणि पोटाखालची वाळू फावड्यानं काढली, कारण चेसिस वाळूवर टेकलेली असेल तर कितीही ओढा, गाडी नांगरासारखी घसटत येते. गाडी ज्या खोबणीतून आत गेली त्याच खोबणीतून मागे ओढायची, कारण तिथली वाळू आधीच दबलेली असते. चाकांमागे माडाच्या झावळ्या आडव्या घातल्या. पट्टा चेसिसच्या हुकाला लावला. बंपरला नाही आणि टो-बॉललाही नाही; टो-बॉल तुटून गोळीसारखा येतो. पट्ट्यावर भिजवलेलं गोणपाट टाकलं, म्हणजे तो तुटलाच तर झटका तिथेच मरतो. मालकाला एकच सूचना होती: गिअर न्यूट्रल, स्टिअरिंग सरळ आणि क्लचवर पाय नाही. दुसऱ्या ओढीत गाडी निघाली. दहाला पाच कमी होते. दहा मिनिटांनी त्या खड्ड्यात फेस शिरला.

किनाऱ्यावर गाडी घालण्याबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगतो: घालू नका. वेळास-आंजर्ल्याच्या पट्ट्यात हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, आणि टायरखाली घरटं आलं तर गाडीतल्या माणसाला ते कळतही नाही.

गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला, झाडाखाली आणून उभी केली आणि चाळीस मिनिटं तिला हात लावला नाही. मालकाला वाटलं, वेळ वाया जातोय. पण तापलेल्या क्लचची परीक्षा करू नये, उत्तर खोटं येतं. जळका वास होताच. त्यावरून निकाल द्यायचा मोह होतो, आणि गल्लत इथेच होते.

थंड झाल्यावर पेडल दाबलं. ते निम्म्याच्या खाली मऊ गेलं. तीन-चार वेळा पंप केल्यावर वर आलं आणि मिनिटभरात पुन्हा खाली. नुसता वाळूत जळलेला क्लच असा वागत नाही. जळलेल्या क्लचचं पेडल बहुधा ठीक असतं. गाडी ओढत नाही, आरपीएम चढतो आणि वेग चढत नाही, एवढंच. पेडल मऊ होण्याचं आणखी एक कारण असू शकतं. क्लचचं पेडल ज्याच्या दाबावर चालतं ते डॉट 4 फ्लुइड नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ओल शिरली की ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. बेल हाउसिंग तापली तर पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल खाली जातं. पण गाडी थंड झाली की वाफ जिरते आणि पेडल परत येतं. इथे ते आलं नाही.

बॉनेट उघडलं. ब्रेक आणि क्लचची टाकी एकच होती. फ्लुइड खालच्या रेघेच्या खाली, आणि नेमकं क्लचच्या पाइपच्या तोंडापाशी थांबलेलं. हे तोंड मुद्दाम वर ठेवलेलं असतं, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं फ्लुइड टाकीत शिल्लक राहतं. फ्लुइड गेलं कुठे? बाहेरचा पाइप कोरडा, पेडलमागचा, फ्लुइडला दाब देणारा मास्टर सिलिंडर कोरडा. या गाडीत स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे त्या दाबानं क्लच सोडवणारा भाग, बाहेर नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती कड्यासारखा बसवलेला असतो आणि क्लच ढकलणारं रिलीज बेअरिंग त्याच्याच अंगावर असतं. तो गळला तर सगळं आतच सांडतं.

गाडीखाली झोपून बेल हाउसिंगच्या तळाचं रबरी बूच काढलं. बोटावर पातळ, काळपट थेंब आला. पुळणीतून आलेल्या गाडीच्या पोटातला थेंब चार गोष्टींपैकी काहीही असू शकतो: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, समुद्राचं पाणी किंवा क्लचचं फ्लुइड. शेजारच्या टपरीवरून काचेचा ग्लास आणला, त्यात साधं पाणी घेतलं आणि थेंब सोडला. तेल असतं तर तवंग धरून वर तरंगलं असतं. हा थेंब धाग्यासारखा खाली उतरत गेला आणि विरघळला. पाण्यावर तवंग नाही, रंगीत छटा नाही. चिमटीत घेतलं तर निसरडं लागलं आणि काचेवर सुकू दिल्यावर मिठाचा पांढरा डाग राहिला नाही. क्लचचंच फ्लुइड होतं.

मग आरसी मागितली. चेसिस नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. नंबर टाकताना लोक इथेच चुकतात आणि 'रिकॉल नाही', म्हणजे सदोष भागासाठी कंपनीनं गाडी परत बोलावलेली नाही, असं समजून बसतात. आरसीवरचा नंबर काचेखालच्या पट्टीशी ताडून बघितला आणि कंपनीच्या साइटवर टाकला. रिकॉल बाकी होता. भाग: क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, सील सदोष.

मालकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गाडी त्यांनी आठ महिन्यांपूर्वी जुनी घेतलेली, त्यामुळे कंपनीचा मेसेज पहिल्या मालकाच्या मोबाइलवर गेला होता. जुनी गाडी घेताना आपण इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, अपघाताची रंगरंगोटी शोधतो. चेसिस नंबर टाकून बाकी रिकॉल बघायला दोन मिनिटं लागतात, ती कुणी देत नाही.

असे रिकॉल नवीन नाहीत. महिंद्राने डिसेंबर 2022 मध्ये 12,566 एक्सयूव्ही 700 आणि 6,618 स्कॉर्पिओ-एन मॅन्युअल गाड्या तपासणीला बोलावल्या होत्या. 1 जुलै ते 11 नोव्हेंबर 2022 दरम्यान बनलेल्या. कारण बेल हाउसिंगमधल्या रबरी बेलोच्या (घड्या असलेल्या रबरी आवरणाच्या) मापातल्या फटीचं होतं. अमेरिकेत 2023 मध्ये जीपच्या रँग्लर आणि ग्लॅडिएटरच्या सुमारे 69 हजार मॅन्युअल गाड्यांचा रिकॉल निघाला. तिथे प्रेशर प्लेट तापून फुटण्याचा आणि आग लागण्याचा धोका होता, आणि आधीच्या दोन रिकॉलमध्ये काम झालेल्या गाड्यांनाही पुन्हा यावं लागलं. कर्द्याची गाडी यातली नव्हती. पण मालकांनी हे लक्षात ठेवावं: रिकॉल एकदा झाला म्हणजे विषय संपला असं नाही, नंबर वर्षातून दोनदा बघावा.

"मग तुम्हीच सिलिंडर बदला ना, प्लेटचेही पैसे देतो," मालक म्हणाले. मी नाही म्हटलं. गिअरबॉक्स उतरवायला माझ्याकडे जॅक आहे, माणसं आहेत, काम सात-आठ तासांचं. पण मी बेल हाउसिंग उघडली असती तर फ्लुइड नेमकं कुठून कुठे वाहिलं याची खूण पुसली गेली असती. नंतर सर्व्हिस सेंटर सरळ म्हणालं असतं की बाहेरच्या गॅरेजनं उघडली आहे, सील त्यांनीच फाडलं असेल. रिकॉलचं काम फुकट असतं, आणि मालकाच्या हातातला तो हक्क एका स्पॅनरनं घालवायचा मला अधिकार नाही.

म्हणून दुसरं काम केलं. ओडोमीटर, टाकीतली पातळी, बुचाखालचा थेंब, ग्लासातलं पाणी, चेसिस पट्टी असे तारीख-वेळेसकट फोटो काढले. पेडल खाली जाण्याचा व्हिडिओ घेतला. थेंबाचा नमुना औषधाच्या स्वच्छ बाटलीत भरून बूच चिकटपट्टीनं बंद केलं. टाकीत फ्लुइड घातलं नाही; घातलं असतं तर पातळीचा पुरावा गेला असता. खालून गोड्या पाण्यानं चाकं, ब्रेक आणि चेसिस धुतली, पण बेल हाउसिंगच्या फटीवर पाण्याचा झोत मारू दिला नाही. अधिकृत सेंटर इथून शंभर किलोमीटरच्या पुढे, म्हणून फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, मागवला. फोर बाय फोर गाडी दोन चाकं उचलून ओढली तर ट्रान्सफर केस जाण्याची भीती असते.

मालकाला जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर, लिहायचं वाक्य एका कागदावर लिहून दिलं: "पेडल खाली जाते, फ्लुइड कमी होते, बेल हाउसिंगमधून गळते. रिकॉल बाकी आहे." 'क्लच जळाला' हा शब्द लिहू नका, असं बजावलं. तो निष्कर्ष आहे. जॉब कार्डवर लक्षणं लिहायची असतात. एकदा 'जळाला' लिहिलं की समोरचा 'चालवण्याची चूक' लिहून मोकळा होतो. आणि गाडी उघडताना आम्ही हजर राहणार, हेही कार्डवरच लिहून घ्या.

सोमवारी मी सर्व्हिस सेंटरला गेलो. अंदाजाप्रमाणे तिथल्या सल्लागारानं आधीच ठरवलेलं: वाळूत चालवली, क्लच किट मालकाच्या खर्चानं, सिलिंडर फक्त रिकॉलमध्ये. गिअरबॉक्स उतरल्यावर मी सगळ्यांना बॅटरी धरून उभं केलं आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत सोडायला लावले.

स्लेव्ह सिलिंडरच्या सीलची कड एका बाजूला चिरलेली होती. तिथून शाफ्टवर ओल, हबवर (क्लच प्लेटच्या मधल्या भागावर) ओल, आणि हबपासून बाहेरच्या दिशेला क्लच प्लेटवर चिकट काळे फराटे, सूर्याच्या किरणांसारखे पसरलेले. फिरणारी चकती आतून भिजली की फ्लुइड असंच बाहेर फेकलं जातं. निव्वळ हाफ क्लचनं जळलेल्या प्लेटवर असे फराटे येत नाहीत. ती सगळीकडून सारखी काचेसारखी चकचकीत होते आणि रिवेटपर्यंत झिजते. इथे रिवेटच्या डोक्यापर्यंत दीड मिलिमीटर लायनिंग (प्लेटवरचा घासणारा थर) शिल्लक होतं. बदलायची मर्यादा साधारण 0.3 असते. झीज नव्हतीच. प्लेट आधी भिजली होती, मग घसरायला लागली. मालकांनीही आठवून सांगितलं की महिनाभर रिव्हर्स टाकताना करकर आवाज यायचा. क्लच पूर्ण सुटत नसल्याची ती खूण होती.

प्रेशर प्लेटवर मात्र निळे डाग आणि केसासारख्या भेगा होत्या. ते वाळूचं काम, आणि ते मी मालकांच्या समोरच सांगितलं. खोटं बोलून एक वस्तू फुकट मिळवायची तर बाकीच्या खऱ्या पुराव्याची किंमत जाते. क्लच ज्याला टेकतो ते इंजिनचं फ्लायव्हील तपासलं, त्याची ढिलाई मापात होती, डाग वरवरचे.

फोटो आणि बाटली कंपनीच्या विभागीय माणसाकडे गेली. दोन दिवसांनी उत्तर आलं: सिलिंडर, पाइप, फ्लुइड, क्लच प्लेट आणि मजुरी कंपनीकडे, प्रेशर प्लेट मालकाकडे. मला हा हिशेब बरोबर वाटला. तो मान्य झाला नसता तर पुढची पायरी सरकारच्या वाहन पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवणं ही होती. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतल्या कलम 110 ए नं सरकारला गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत.

भिजलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवू का, असं तिथल्या एका मुलानं विचारलं होतं. नाही. लायनिंग फ्लुइड शोषून घेतं. धुतल्यावर ते दोन दिवस चांगलं वागतं आणि पहिल्या घाटात पुन्हा घसरतं. नवीन प्लेट बसल्यावर पहिले पाचशे किलोमीटर ओढकाम नाही, घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं नाही, हे मालकांना सांगितलं. चेसिस नंबरवर त्यांचा स्वतःचा मोबाइल नोंदवून घेतला आणि रिकॉल पूर्ण झाल्याचा कागद आरसीच्या पाकिटात ठेवायला लावला.

त्या शनिवारी किनाऱ्यावर त्यांच्या ग्रुपमधल्या त्याच बनावटीच्या आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. फ्लॅटबेडची वाट बघताना त्यांचेही चेसिस नंबर टाकून बघितले. एकीचं काम झालेलं होतं. दुसरीचं बाकी होतं. टाकीतलं फ्लुइड अजून वरच्या रेघेला होतं, बेल हाउसिंगचं बूच कोरडं होतं. ती गाडी त्या रात्री हॉटेलवरच उभी राहिली आणि मंगळवारी रांगेत दुसऱ्या नंबरला लागली.